डावं-उजवं बदलायचं नाही

रविवारी सकाळी दहाला नांदेडच्या आमच्या भागातल्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. लग्न नव्हतं, बारसं नव्हतं, तरी दारात रांगोळी होती, चपलांचा ढीग होता आणि मागे चहाचं मोठं पातेलं उकळत होतं. एरवी नवरा-नवरी बसतात त्या स्टेजवर दोन लाल खुर्च्या, एक लॅपटॉप आणि एक चौरंग मांडला होता. चौरंगावर मखमल, आणि मखमलीवर काडेपेटीहून जराशी मोठी काळी डबी. डबीवर हळदकुंकू. तिच्या एका टोकाची वायर लॅपटॉपात गेलेली, दुसऱ्या टोकाला हेडफोनची पिन घालायचं भोक. बाजारात या वस्तूला साऊंड कार्ड म्हणतात. संगणकातला आवाज हेडफोनपर्यंत पोचवणं एवढंच तिचं काम. पण त्या दिवशी तिचं नाव नादपेटी होतं आणि माणसं तिला लांबूनच हात जोडत होती.

डबीमागे श्रवणानंद महाराज बसले होते. लातूरहून आले होते. लातुरात यांच्या नादपेटीनं शिकवणीच्या पोरांचे मार्क वाढले, असं सगळे सांगत होते. कुणाच्या पोराचे, हे मात्र सांगणाऱ्याला ठाऊक नसायचं.

पहिल्या खुर्चीवर बसलिंगप्पा बसले. देगलूरकडचे, नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेले, शंका काढल्याशिवाय कागदावर सही न करणारे. महाराजांच्या शिष्यानं हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला आणि पिन सरळ लॅपटॉपात घातली.

"काय ऐकू आलं?" महाराजांनी विचारलं.

"बासरी."

"कशी होती?"

"बरी होती. बासरीसारखी होती."

"हा संसारी आवाज. आता डोळे मिटा." शिष्यानं पिन काढून डबीत घातली. बसलिंगप्पांनी डोळे मिटले आणि मिनिटभरानं त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं.

"महाराज, बासरीवाला शेजारी येऊन बसला हो. त्याचा श्वास ऐकू आला मला."

मंडपभर हुंकार उठला. महाराज माईकवर आले. "साध्या कार्डात सोळा बिट असतात. सोळा म्हणजे सोळा संस्कार, माणूस तिथंच अडकतो. आपली पेटी बत्तीस बिटची. बत्तीसलक्षणी. हिच्यातून एका सेकंदाला एक लाख ब्याण्णव हजार स्पंदनं निघतात. कानाला कळत न्हाईत ती, पर आत्म्याला कळतात. पिनेला सोन्याचं पाणी हाय, नि तारा गोदावरीच्या पात्रात अकरा दिवस बुडवून ठेवल्यात."

मग गेम खेळणारी पोरं पुढं आली. त्यांना गोळीबाराचा खेळ लावून दिला. आधी साधा, मग पेटीतून.

"आधी शत्रू कुठं होता?"

"काय की, महाराज."

"आता?"

"मागं. जिन्यावर हाय. पावलं वाजून राहिली त्याची."

"मागचा वैरी ऐकू येणं," महाराज म्हणाले, "यालाच शास्त्रात जागृती म्हटलंय." कुठल्या शास्त्रात, ते काही सांगितलं नाही. पोरांनी खाली उतरून एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या.

मी तिसऱ्या रांगेत बसले होते. माझं वय चौऱ्याहत्तर. नाव तारामती. महाराजांपायी मी आले नव्हते. माझा नातू दयानंद पुढच्या रांगेत बसला होता आणि त्याच्या डाव्या कानाला ऐकू येत नव्हतं.

बुधवारी सकाळी तो झोपेतून उठला तो डावा कान बंद घेऊनच. कापूस कोंबल्यासारखं वाटतंय म्हणाला. आधी त्याला वाटलं, हेडफोन बिघडला. पोरगा विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला, उरलेला वेळ गाणी नाहीतर गेम. महिनाभर नवं साऊंड कार्ड घ्यायच्या मागे होता. कोणत्या कार्डानं गाणं गोड लागतं, कोणत्यानं गेममधली पावलं कळतात, याचा भला मोठा तक्ता त्यानं भिंतीवर लावला होता. करीमभाईलाही विचारून आला होता. करीम आमच्या जुन्या दुकानातला कारागीर, आता त्याचं स्वतःचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं सांगितलं होतं, "बेटा, तुझ्या हेडफोनला लॅपटॉपचा आवाज बस हाय. खरखर येत असंल, न्हाईतर हेडफोन इतका दांडगा असंल की लॅपटॉप त्याला उचलत न्हाई, तरच कार्ड घे. फुकट बढाईला घेऊ नको." एवढं सोपं उत्तर इंजिनिअरच्या तक्त्यात कुठं बसणार.

शुक्रवारी कानाच्या डॉक्टर शिल्पा मॅडमनी तपासलं. कान साफ होता, पडदा चांगला होता. आतली नसच अचानक झोपली होती. "असं होतं कधीकधी," त्या म्हणाल्या. "याच्या गोळ्या आजच सुरू करा. या आजारात दिवस मोजायचे असतात. पहिले दोन आठवडे हातातले. नंतर आम्ही काही करू शकत नाही."

गोळ्या आणल्या. पण माझी सून उज्वला घाबरली. शेजारच्या पंचफुलानं तिला सांगितलं, या गोळ्यांनी तोंड सुजतं, हाडं ठिसूळ होतात. शनिवारी दयानंदाच्याच मोबाईलवर श्रवणानंद महाराजांचा व्हिडिओ आला. "रविवारी दाखवू, मग गोळ्यांचं बघू," उज्वला म्हणाली. मीही म्हटलं, एका-दोन दिवसांनी काय बिघडतंय. हे माझं वाक्य मी लपवणार नाही.

तर दयानंदाची पाळी आली. शिष्यानं साध्या लॅपटॉपवर गाणं लावलं.

"डाव्या कानात?" महाराजांनी विचारलं.

"न्हाई. काहीच न्हाई."

पिन डबीत गेली. महाराजांनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं. दयानंद एकदम ताठ बसला. त्याचा हात डाव्या कानाकडे गेला.

"येतंय," तो म्हणाला. "हाव, येतंय. दोन्हीकडं सारखं येतंय."

उज्वला तिथंच जमिनीवर बसली आणि पदरात तोंड घालून रडू लागली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. महाराजांनी माईक घेतला. "डॉक्टरनं काय दिलंय? गोळ्या? विष नि नाद एका घरात नांदत न्हाईत. गोळ्यांना हात लावायचा न्हाई. पेटी घरी न्या, एकवीस दिवस नाद घ्या. नेम तीन. आवाज कमी-जास्त करायचा न्हाई. आमचा शिष्य लॅपटॉपावर नादकवच चढवून देईल, ते उघडायचं न्हाई. आणि हेडफोनचं डावं-उजवं बदलायचं न्हाई. बदललं तर नाद उलटतो."

एकवीस दिवस. डॉक्टरीणबाईंच्या हातात चौदा होते, त्यातले चार गेले होते.

शिष्यानं घरी येऊन दयानंदाच्या लॅपटॉपात नादकवच घातलं आणि तो गेल्यावर दयानंद पेटी लावून बसला. चेहरा इतका खुललेला की मला बोलवेना. उज्वलेनं गोळ्यांची पाकिटं कपाटात वर टाकली. पंचफुला येऊन पेटीला नमस्कार करून गेली. मी ओट्याशी भाजी निवडत बसले, पण मन त्या तिसऱ्या नेमापाशी अडून राहिलं होतं. आवाज वाढवू नका, हे मी समजू शकत होते. पण डावं-उजवं बदलू नका? ते कशाला?

याचं उत्तर मला मिळालं ते आमच्या दुकानात. म्हणजे ते दुकान आता नाही, तिथं मोबाईलची कव्हरं विकतात. पण सव्वीस वर्षं वजिराबादेत आमचं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. माझे पती रामकिशन, करीम आणि मी. लोक कोरी कॅसेट आणि वहीच्या पानावर गाण्यांची यादी घेऊन यायचे. लग्नाची वेगळी, प्रवासाची वेगळी, मुलगी सासरी जाताना तिला द्यायची वेगळी. मागच्या खोलीत दोन यंत्रं शेजारी ठेवलेली, त्यांच्या काचेमागे नाचणारे काटे, आणि उन्हाळ्यात तापलेल्या प्लॅस्टिकचा वास. दुपारी हे जेवायला गेले की कानाला हेडफोन लावून मी बसायची. अजून मला कुठं कॅसेट दिसली की बोट आपोआप तिच्या दात्यात जातं, सैल पट्टी गुंडाळायला.

तिथं रोज एक तक्रार यायची: एक बाजू वाजत नाही. मग दोष कशात, कॅसेटीत, हेडफोनात की यंत्रात? करीमनं मला पहिल्या आठवड्यात शिकवलेली युक्ती म्हणजे हेडफोन उलटा घालायचा. डावं उजवीकडे. मुकेपणा दुसऱ्या कानात गेला तर दोष आपल्या सामानात. मुकेपणा त्याच कानात राहिला तर दोष गिऱ्हाइकाच्या कानात. हदगावचा एक कापूस व्यापारी आमच्याशी तासभर भांडला होता की तुम्ही अर्धीच कॅसेट भरली. हेडफोन उलटा घातला, तरी त्याचा उजवा कान मुकाच. डॉक्टरकडे पाठवलं, कानात मळाचा गोळा निघाला. पुढं वर्षभर तो आमच्याकडे मान खाली घालून यायचा.

म्हणजे हेडफोन उलटा घालणं ही खरंखोटं करायची सगळ्यात सोपी रीत. आणि महाराजांनी नेमकी तीच बंद केली होती.

मी दयानंदाकडे गेले. "बाळा, एकदा उलटा घालून बघ."

"आजी, महाराजांनी नको सांगितलंय."

"एकदाच."

"आजी, ऐकू येऊन राहिलंय मला. आता कशाला खोडा घालतेस?" त्यानं हेडफोन दोन्ही हातांनी धरला, लहानपणी ताट धरायचा तसा. त्याच्या डोळ्यांत भीती होती. ती मी ओळखली. नको म्हणत होता, कारण उलटा घातल्यावर काय होईल हे त्यालाही कुठंतरी जाणवत होतं.

उज्वला म्हणाली, "आत्याबाई, पोरगं हसलंय चार दिवसांनी. राहू द्या."

मी करीमला फोन केला. सगळं ऐकून तो म्हणाला, "भाभी, पाण्यात बुडवलेल्या तारा म्हणले का ते? पाण्यात पडलेली कार्डं माझ्याकडं रोज दुरुस्तीला येतात. एकही सुधारून आलं न्हाई आजवर. उद्या कुठं हाईत महाराज?"

"तिथंच. दयानंदाला साक्ष द्यायला बोलावलंय."

"मी येतो."

सोमवारी गर्दी दुप्पट होती. दारात एका स्वयंसेवकानं करीमला अडवलं, "तुम्ही कशाला?" मागून बसलिंगप्पा म्हणाले, "येऊ द्या हो. माझा टीव्ही त्यानंच दोनदा जिवंत केलाय." करीम आत आला, टोपी सारखी केली आणि माझ्या शेजारी बसला.

आदल्या दिवशी मी लक्ष दिलं नव्हतं, आज दिलं. दारातल्या टेबलावर प्रत्येकाकडून एक कागद भरून घेत होते. नाव, गाव, आवडीचं भजन, आवडीचा गेम, कानाची काही व्यथा, कोणता कान. कागद शिष्याकडे जात होते. आणि तासाभरानं महाराज त्याच माणसाला सांगत होते, "तुला बासरी आवडते." माणूस थक्क होत होता. स्वतःच्या अक्षरात लिहून दिलेलं कुणी वाचून दाखवलं, तर त्याला अंतर्ज्ञान म्हणायची आपली तयारी असते.

दयानंद आपला लॅपटॉप आणि पेटी घेऊन स्टेजवर गेला. "कान उघडला, महाराजांची कृपा," एवढंच बोलला. टाळ्या झाल्या. मी उठले. पांढरे केस, नऊवारी, हातात काठी, कुणीतरी म्हणालंच, "पोराची आजी हाय, आजीला माईक द्या." त्यांना वाटलं, आजी ओवाळणार.

मी म्हणाले, "मी एक कबुली द्यायला उभी राहिलेय. वजिराबादेत आमचं कॅसेटचं दुकान होतं. आठवतंय कुणाला?"

दोनचार पिकले हात वर झाले.

"आमच्याकडे दोन प्रकारच्या कॅसेटी असायच्या. साधी आणि भारी. गिऱ्हाईक विचारायचं, फरक काय? मग आम्ही दोन्ही वाजवून दाखवायचो. भारी लावताना आवाजाचं बटण केसभर वर सरकवायचं. केसभरच. जास्त सरकवलं तर लगेच कळतं. सव्वीस वर्षांत एकही गिऱ्हाईक असं म्हणालं नाही की हिचा आवाज मोठा आहे. म्हणायचे, ही गोड आहे. ही खोल आहे. हिच्यात गाणारीचा श्वास ऐकू येतो. ते बटण सरकवणारा हात पुष्कळदा माझा होता. ज्यांनी भारी घेतल्या त्यांची मी आज माफी मागते."

हशा झाला. एक म्हातारा मागून म्हणाला, "आता सांगता होय तारामावशी? माझ्या लग्नाच्या सहा भारी घेतल्या व्हत्या."

महाराज हसले नाहीत. "आजी, नाद म्हणजे भाजी न्हाई तोलून बघायला."

"तेच तर," बसलिंगप्पा उठले. "महाराज, होऊ द्या तोल. मी डोळे झाकूनही ओळखीन. माझा अनुभव खरा हाय." विश्वासानं त्यांचा चेहरा उजळला होता. मला त्यांची दया आली.

करीम पुढं गेला. मोबाईलवर आवाज मोजायची सोय असते, ती त्यानं लावली आणि हेडफोनच्या कपाला मोबाईल टेकवला. साध्या लॅपटॉपचा आकडा सगळ्यांना दाखवला, मग पेटीचा. पेटीचा जास्त होता. त्यानं पेटीचा आवाज उतरवून दोन्ही आकडे सारखे केले. मग माझी शाल लॅपटॉप आणि पेटीवर टाकली आणि शालीखाली पिन हलवू लागला.

"आता सांगा साहेब. कोणता?"

"हा सिद्ध," बसलिंगप्पा म्हणाले. दुसरा? "संसारी." तिसरा? "सिद्ध. न्हाई, थांबा. संसारी." असं दहा वेळा झालं. प्रत्येक वेळी करीम शाल उचलून पुढच्या रांगेला दाखवायचा. दहातले चार बरोबर आले.

"नाणं उडवलं असतं तर पाच आले असते," कुणीतरी म्हणालं.

बसलिंगप्पांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "काल तर श्वास ऐकू आला होता," ते हळूच म्हणाले.

"श्वास लॅपटॉपातपण हाय साहेब," करीम म्हणाला. "थोडा आवाज वाढवला की तिथंपण येतो. आणि पोरांनो, तुमची पावलंपण. तीपण तशीच येतात." पोरांनी जमिनीकडे बघितलं.

पण महाराज मुरलेले होते. त्यांनी दयानंदाच्या खांद्यावर हात ठेवला. "हे झालं स्थूल कानांचं. या लेकराचा कान डॉक्टरनं सोडला होता. तो कुणी उघडला? सांग आजी, हे काय आवाजाचं बटण हाय?"

मंडप पुन्हा त्यांच्या बाजूला झुकला. ते मला स्पष्ट दिसलं. मी दयानंदाकडे पाहिलं.

"डॉक्टरनं सोडला नव्हता," मी म्हणाले. "आजचा सहावा दिवस आहे. दयानंद, मी काही मोजत नाही, काही उघडत नाही. तू फक्त हेडफोन उलटा घाल. कान बरा झाला असेल तर त्याला काय कळतंय, कोणत्या कपावर काय लिहिलंय?"

"नाद उलटेल," शिष्य म्हणाला.

"उलटू दे. डावा कप चांगल्या कानाला चिकटवू नको बाळा, बोटभर लांब धर. आणि खरं ते सांग."

उज्वला खालून म्हणाली, "नको रे." मग थांबली. आणि पुन्हा, अगदी बारीक आवाजात, "घाल. बघू तरी."

दयानंदानं आपल्या लॅपटॉपवर गाणं लावलं आणि पेटीला जोडलेला हेडफोन हातात घेतला. फिरवला. डावा कप उजव्या कानाजवळ नेला आणि बोटभर अंतरावरच त्याचं डोकं झटक्यात मागं गेलं. इतका मोठा आवाज होता की पहिल्या रांगेतल्या बायकांनाही गाणं ऐकू आलं. उजवा कप त्यानं डाव्या कानाला घट्ट दाबला. दाबून धरला. बराच वेळ.

गाणं चालूच होतं.

"डाव्या कानात काही न्हाई," तो म्हणाला. माईक समोर होता, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं. "काहीच न्हाई."

करीमनं दयानंदाचा लॅपटॉप वळवला आणि ज्याला उघडायची बंदी होती ते नादकवच उघडलं. आत मंत्र नव्हता. दोन पट्ट्या होत्या, डाव्या आवाजाची आणि उजव्या आवाजाची. डावी टोकापर्यंत चढवलेली. उजवी जवळजवळ तळाशी आणलेली.

करीमनं साध्या भाषेत सांगितलं. "पेटी लावली की हे चालू होतं. कागदावर यानं लिहिलं, डावा कान. म्हणून डावीकडं लई मोठा आवाज सोडला, नि उजवीकडं जेमतेम. बहिऱ्या कानाला आरडाओरडा, चांगल्या कानाला कुजबूज. पोराला वाटलं, दोन्ही सारखं झालं. कान तसाच हाय. काटा झुकवलाय, माल वाढला न्हाई. म्हणून डावं-उजवं बदलायचं न्हाई, म्हणून आवाजाला हात लावायचा न्हाई, म्हणून हे उघडायचं न्हाई. तीन नेम नि तीन कुलपं."

"आणि यंत्र आमच्या शिष्यानं चुकीचं लावलं असंल तर?" महाराज म्हणाले. त्यांचा आवाज मात्र उतरला होता.

"मग बरोबर लावून दाखवा," बसलिंगप्पा म्हणाले. "आम्ही बसलोय."

महाराजांना अचानक लातूरला एका भक्ताकडे पोचायचं आठवलं. शिष्य वायरी गुंडाळू लागला. स्वयंपाकघराच्या दारानं ते बाहेर पडले तेव्हा मागच्या पातेल्यातला चहा अजून उकळतच होता, आणि लोकांनी तो पिऊन टाकला.

आम्ही तिथूनच शिल्पा मॅडमकडे गेलो. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाल्या, "त्याला जे डाव्या कानात ऐकू आलं, ते बहुतेक उजव्याच कानानं ऐकलं. इतका मोठा आवाज कवटीच्या हाडातून पलीकडे पोचतो. एकवीस दिवस हेच चाललं असतं तर आजारी कानावर आणखी मार बसला असता, आणि माझे दिवस संपले असते." पहिली गोळी त्यानं त्यांच्यासमोर घेतली. उज्वलेनंच पाणी दिलं.

पुढचे तीन आठवडे घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. दयानंद रोज सकाळी डाव्या कानाशी घड्याळ धरायचा आणि ठेवून द्यायचा. बाराव्या दिवशी तो स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "आजी, फोडणी ऐकू आली. डावीकडून." आता त्याचा कान बराचसा परतला आहे. सगळा नाही. बारीक, उंच स्वर त्या बाजूला अजून येत नाहीत, बासरीची वरची पट्टी हरवते. मॅडम म्हणतात, हेही सगळ्यांना मिळत नाही, आणि गोळ्या शुक्रवारी घेतल्या असत्या तर आणखी मिळालं असतं का, ते कुणीच सांगू शकत नाही. या प्रश्नाचा माझा वाटा माझ्याकडे आहे. तो मी कुणावर ढकलत नाही.

पंचफुलाचं मात्र म्हणणं आहे की महाराज खरे, शिष्य खोटा. तिनं एक पेटी घेऊन देवघरात ठेवली आहे. संगणक तिच्या घरात नाही. तिच्याशी मी भांडत नाही, पण तिच्या नातवाचा कान दुखला की आधी मला सांग, असं तिला बजावून ठेवलंय.

मी हे लिहिते आहे ते हसण्यासाठी नाही, जरी मला अजून हसू येतं. आमच्या दुकानातलं बटण केसभर सरकायचं आणि कुणाचं फारसं नुकसान व्हायचं नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत आले. पण तेच बटण कुणी कानाच्या आजारावर सरकवलं की जे जातं ते परत येत नाही. म्हणून सांगते. कान अचानक बंद झाला तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जा, पूजा नंतरही होते. कुणी दोन आवाज ऐकवून एक चांगला म्हणाला तर आधी दोन्ही सारखे मोठे करायला सांगा, मग डोळे झाकून ओळखा. आणि कुणी काही दाखवून वर म्हणाला की हे उलटून बघायचं नाही, तर भक्तिभावानं नमस्कार करा हवा तर, पण हात जोडून झाले की ते उलटून बघा.